कार्बनच्या कागदावर सही करण्याआधी जंगलाचा हिशेब समजून घ्या

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या ग्रामसभेत एक पाहुणा आला होता. पायात बूट, हातात टॅब, भाषा गोड. त्याचं म्हणणं असं, "तुमचं जंगल हवेतला कार्बन साठवतं. त्याचे पैसे मिळतात. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त जंगल आहे तसं राखायचं." कागद होता तीस वर्षांचा. सभेत दोन तट पडले. पोरं म्हणाली, घरबसल्या पैसा येतोय तर सही करून टाका. म्हातारी माणसं गप्प होती. शेवटी मागं बसलेल्या एका आजीनं विचारलं, "बाबू, पाऊस नाही पडला तर तुझा कार्बन कुठं जाते?"

सभा हसली. पण पाहुण्याला उत्तर देता आलं नाही. सही पुढं ढकलली गेली.

मी बातम्या पाठवतो तो फावल्या वेळात, बाकी वेळ धानाच्या बांधीत. बारावीच्या पुढं शिकलो नाही. पण आजीचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्यानंतर जमेल तेवढं वाचलं, वनखात्यातल्या ओळखीच्या माणसांना विचारलं. तेव्हा कळलं की जगभरातले शास्त्रज्ञ गेली तीस वर्षं हाच प्रश्न विचारत आहेत. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथं जमिनीचा दोन तृतीयांश भाग जंगलाखाली आहे, तिथं त्याचं उत्तर प्रत्येक ग्रामसभेला माहीत असायला पाहिजे. म्हणून हा लेख.

कणगी नाही, नदी

आधी साधी गोष्ट. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, उन्हाच्या ताकदीवर त्याची साखर करतं आणि त्या साखरेतून खोड, मुळं, पानं उभी राहतात. सुक्या लाकडाच्या वजनातला जवळपास निम्मा भाग कार्बनच असतो. शंभर किलोचं सुकं लाकूड चुलीत घातलं तर त्यातून पावणेदोनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लाकडापेक्षा वायूचं वजन जास्त कसं, असं कोणी विचारेल. जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला जातो म्हणून.

पण झाड नुसतं घेत नाही, सोडतंही. आपण जसा श्वास घेतो तसं झाडही दिवसरात्र श्वास घेतं, आणि त्यात कमावलेल्या साखरेतला मोठा वाटा खर्च होतो. उष्ण प्रदेशातल्या जंगलात तर निम्म्याहून जास्त. उरलेल्यातून पानं गळतात, फांद्या पडतात, त्या वाळवी, बुरशी आणि मातीतले जीवजंतू खातात. त्यांच्या श्वासातूनही तोच वायू परत हवेत जातो. या सगळ्या येण्याजाण्यातून जे थोडं मागं राहतं, तेच जंगलाचं खरं 'साठवणं'.

म्हणजे जंगल ही धानानं भरलेली कणगी नाही, की एकदा भरली आणि कुलूप लावलं. ती नदी आहे. वरून पाणी येतं, खालून जातं. मधल्या डोहात किती पाणी राहील हे दोन्ही बाजूंवर ठरतं. आणि हवामान बदललं की दोन्ही बाजू हलतात.

एक वर्ष, तीन खंड, तीन कारणं

२०१५-१६ साली मोठा एल निनो आला होता. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचा मधला आणि पूर्वेकडचा भाग नेहमीपेक्षा जास्त तापणं. त्याचा मार आपल्या पावसालाही बसतो, हे आपण शेतकऱ्यांनी अनुभवलंय. त्या वर्षी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा एक उपग्रह हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होता. २०१४ मध्ये तो सोडलेला. शास्त्रज्ञांनी २०१५ ची तुलना २०११ या चांगल्या पावसाच्या वर्षाशी केली. उष्ण प्रदेशातल्या जंगलांनी आणि जमिनींनी २०११ पेक्षा जवळपास २.५ अब्ज टन जास्त कार्बन हवेत सोडला होता. जगातल्या सगळ्या गाड्या, कारखाने, वीजघरं मिळून वर्षाला साधारण १० अब्ज टन कार्बन सोडतात. म्हणजे त्याच्या पाव भाग हिशेब एका वाईट वर्षात जंगलांनीच उलटा केला.

यातली खरी शिकवण पुढं आहे. तिन्ही खंडांत कारण वेगवेगळं निघालं.

दक्षिण अमेरिकेत, म्हणजे ॲमेझॉनमध्ये, दुष्काळ पडला. पाण्याअभावी झाडांनी घेणंच कमी केलं. हे आपल्याला सांगायला नको. पाऊस ओढ देतो तेव्हा धानाचं पान गुंडाळून सुईसारखं होतं. झाडही तेच करतं. पानावरची बारीक छिद्रं बंद करतं म्हणजे पाणी उडून जाणार नाही. पण त्याच छिद्रांतून कार्बन आत येतो. पाणी वाचवायला गेलं की जेवण थांबतं.

आफ्रिकेत पाऊस साधारण नेहमीएवढा होता, पण उष्णता वाढली. तिथं झाडांचं घेणं फारसं कमी झालं नाही, सोडणं वाढलं. माती तापली, कुजणं जोरात झालं.

आशियात, मुख्यतः इंडोनेशियात, आग लागली. तिथं दलदलीत हजारो वर्षं साठलेली काळी, अर्धवट कुजलेली माती आहे. शेती आणि लागवडीसाठी चर खोदून पाणी काढल्यानं ती सुकली होती. ती आठवडेच्या आठवडे जळत राहिली.

एकच वर्ष, एकच एल निनो. एकीकडं तहान, एकीकडं ताप, एकीकडं वणवा. म्हणून 'जंगल कार्बन साठवतं' या एका वाक्यावर कोणी सही मागत असेल तर त्याला विचारायचं, आमच्या जंगलाचा दुखणा यातला कुठला?

ॲमेझॉनचं काय झालं

जगात सगळ्यात मोठं सदाहरित जंगल ॲमेझॉनचं. तिथं आणि आफ्रिकेत शास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं तीन लाखांच्या आसपास झाडांची छाती मोजत आले. काम आपल्यासारखंच साधं. झाडाला नंबर, छातीच्या उंचीला टेप, वहीत नोंद, काही वर्षांनी परत तेच. कोणतं झाड जाड झालं, कोणतं मेलं, कोणतं नवीन आलं.

या वह्यांतून २०२० साली जो हिशेब बाहेर आला तो असा. १९९० च्या दशकात माणसाचा हात न लागलेल्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांनी हवेतून सुमारे ४६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला. २०१० च्या दशकात तो आकडा सुमारे २५ अब्ज टनांवर आला. काही घट जंगलच कमी झाल्यामुळं, पण मोठी घट उभ्या जंगलाची ताकद कमी झाल्यामुळं.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडाला ते खत मिळाल्यासारखं होतं, हे खरं आहे. सुरुवातीला झाडं जोमानं वाढलीही. पण नुसता युरिया टाकून पीक येत नाही, पाणी लागतं, बाकीची अन्नद्रव्यं लागतात. आणि जी झाडं भराभर वाढली ती लवकर म्हातारीही झाली. त्यात २००५, २०१० आणि २०१५-१६ असे दुष्काळ लागोपाठ आले, मोठी झाडं मेली. आफ्रिकेतलं जंगल जास्त दिवस टिकलं, कारण ते उंचावर आहे, थोडं थंड आहे आणि तिथं दुष्काळाचा मार कमी बसला. पण २०१० नंतर तिथंही उतार दिसायला लागला.

२०२१ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांनी नऊ वर्षं लहान विमानानं ॲमेझॉनवरच्या हवेचे नमुने घेतले. आग्नेय भागात, जिथं तोड जास्त झाली आणि कोरड्या महिन्यांत तापमान जास्त वाढलं, तिथलं जंगल आता घेतं त्यापेक्षा जास्त सोडतं आहे. डोह भरायचा तो रिकामा होतोय.

रात्र का महत्त्वाची

दिवसाच्या उन्हाची सगळे चर्चा करतात, रात्रीची कोणी करत नाही. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात एका जंगलात अनेक वर्षं झाडांची वाढ मोजली, तेव्हा ज्या वर्षी रात्री गरम होत्या त्या वर्षी झाडं कमी वाढली असं दिसलं. कारण सरळ आहे. रात्री झाड कमवत नाही, फक्त खर्च करतं, आणि उष्णतेत खर्च वाढतो. आपल्याकडं धान फुलोऱ्यात असताना रात्री गार झाल्या नाहीत तर दाणे नीट भरत नाहीत, तोच प्रकार.

मातीचं तर त्याहून गंभीर. पनामा देशातल्या एका बेटावर शास्त्रज्ञांनी जंगलातल्या मातीत तारा घालून ती ४ अंशांनी तापवली. दोन वर्षं मोजलं. मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालाप्रमाणं आपल्या देशातल्या जंगलांतला निम्म्याहून जास्त कार्बन मातीतच आहे, झाडांत नाही. म्हणजे जो ठेवा डोळ्यांना दिसत नाही तोच सगळ्यात मोठा, आणि तापमानाला तोच हळवा.

आपलं जंगल वेगळं आहे

इथं एक सावधगिरी. जगभरातल्या मोजण्यांतून असं दिसलंय की उष्ण प्रदेशातल्या जंगलात सगळ्यात गरम महिन्याचं दुपारचं सरासरी तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की कार्बनचा साठा वेगानं घटायला लागतो. हे वाचून कोणी म्हणेल, आमच्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, मग आमचं जंगल संपलंच की. तसं नाही. तो आकडा ओल्या, बहुतेक सदाहरित जंगलांचा आहे.

आपलं जंगल पानगळीचं. साग, येन, धावडा, बीजा, मोह, तेंदू. या झाडांनी उन्हाळ्याशी हजारो वर्षांचा करार केलाय. पाणी संपत आलं की पानं टाकून द्यायची, दुकान बंद, पाऊस आला की परत उघडायचं. त्यामुळं आपल्या जंगलाची कमाई मुख्यतः जून ते नोव्हेंबर. वर्षाचा कार्बन त्या पाच-सहा महिन्यांत जमा होतो. म्हणून आपल्यासाठी ऊन किती यापेक्षा पाऊस कधी आला, कधी थांबला आणि मध्ये किती दिवसांचा खंड पडला हे जास्त महत्त्वाचं.

हे झाडाच्या पोटात लिहिलेलं असतं. सागाचा ओंडका कापला की गोल रेषा दिसतात, एका वर्षाची एक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मध्य भारतातल्या आणि दक्षिणेतल्या सागाच्या अशा रेषा मोजल्यात. पावसाशी त्यांचा संबंध स्पष्ट दिसतो. चांगल्या ओलीच्या वर्षी रेष रुंद, दुष्काळात बारीक. म्हणजे आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर लाकूड आधीच देऊन बसलंय. पाऊस नाही पडला तर त्या वर्षी कार्बन येतच नाही, किंवा थोडा येतो.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. देशभरात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला, १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. बांधीला भेगा पडल्या ते आपण पाहिलं. पण त्याच ऐन कमाईच्या महिन्यात जंगलातल्या झाडांचीही पानं तहानलेली होती, ते कोणी मोजलं नाही.

आणखी एक गोष्ट. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की मातीतले जीवजंतू एकदम जागे होतात आणि कार्बन डायऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. पाऊस सलग असला तर पाठोपाठ पानं फुटतात आणि हिशेब भरून निघतो. पण एक सर पडून पंधरा दिवस ऊन, परत सर, परत ऊन असं झालं तर माती दर वेळी सोडते आणि झाडाला मात्र घ्यायला ओल पुरत नाही. आजकाल पाऊस असाच येतोय, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

वणव्याचं खरं नुकसान

आता आपल्या हातातली गोष्ट, आग. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. तेंदूला चांगला फुटवा यावा म्हणूनही आग लावतात. मी कुणाकडं बोट दाखवत नाही, आमच्या घरातही हे झालंय. एकदा आमच्याच मोहाखालची आग वाऱ्यानं सुटली आणि टेकडीपर्यंत गेली. विझवायला अख्खा टोला रात्रभर जागा होता.

खरं बोलायचं तर पाला जळाला एवढ्यानं कार्बनचा फार मोठा तोटा होत नाही. तो पाला वर्ष-दोन वर्षांत कुजून बहुतेक हवेतच जाणार होता. तोटा तीन ठिकाणी होतो. एक, एक-दोन वर्षांची रोपं जळतात. म्हातारं झाड पडल्यावर त्याची जागा घ्यायला खाली कोणी उरत नाही. वरून जंगल हिरवं दिसतं, खाली बारसंच होत नाही. दोन, मोठ्या झाडांच्या बुंध्याला चटका बसतो, तिथून कीड शिरते, झाड पोकळ होतं आणि पुढच्या वादळात पडतं. तीन, उघडी पडलेली टेकडीची माती पहिल्या मोठ्या पावसात नाल्यात जाते. आणि ठेवा कुठं होता? मातीत.

पूर्वी आग लागायची, विझायचीही. आता फेब्रुवारीपासूनच पाला कडकडीत होतो, रात्री गार होत नाहीत, त्यामुळं तीच लहानशी आग जास्त लांब जाते. हवामानानं बारूद सुकवून ठेवलीय, काडी आपण ओढतो.

यावर उपाय नवे नाहीत. मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घेणं किंवा जाळी अंथरणं. तेंदूची झुडपं पेटवण्याऐवजी कापणं. फेब्रुवारीच्या आधी जाळरेषा साफ करणं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं तर उपग्रहानं पाहिलेल्या आगीची सूचना मोबाईलवर फुकट येते. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळा वरून जातो, त्यामुळं बारीक आग सुटू शकते, पण नसल्यापेक्षा बरं.

मग सही करायची का

भारतानं जगाला शब्द दिलाय की २०३० पर्यंत जंगल आणि झाडांच्या जोरावर २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा साठवू. तो शब्द शेवटी आपल्याच टेकड्यांवर पाळला जाणार. त्यामुळं असे पाहुणे येत राहणार. सगळे लबाड असतात असं मी म्हणत नाही. जंगल राखणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे, आजपर्यंत फुकट राखलं. पण मालक कोण हे विसरू नका. २००६ च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मिळालेल्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेच्या हातात आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला आणि २०११ पासून त्यांनी स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. त्यांनी आधी अभ्यास केला, मग व्यवहार.

तसा अभ्यास आपणही करू. माझ्या मते कागदावर अंगठा उमटण्याआधी ग्रामसभेनं हे प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तर मराठीत, लेखी घ्यावं.

दुष्काळ पडून वाढ झाली नाही किंवा वणव्यात जंगल जळालं तर तोटा कोणाच्या खात्यात? अशा जोखमीसाठी काही हिस्सा राखून ठेवण्याची पद्धत या धंद्यात असते. तो हिस्सा किती आणि कोणाच्या वाट्यातून?

मोजणी कोण करणार, किती वर्षांनी, आणि मातीतला कार्बन मोजणार की फक्त झाडं? वही गावाकडं राहणार की नाही?

मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू, जळाऊ लाकूड, गुरांची चराई यावर तीस वर्षांत काय बंधन येणार?

मध्येच सोडायचं म्हटलं तर काय दंड?

विकलेल्या किमतीतला किती वाटा गावाला, आणि ती किंमत गावाला दिसणार का?

आणि कोणी येवो न येवो, एक काम आजपासून करता येतं. जंगलात पाच-सहा ठिकाणी लहान तुकडे आखा. प्रत्येक झाडाला नंबर द्या. छातीच्या उंचीला टेप लावा, वहीत लिहा. शेजारी त्या वर्षीचा पाऊस आणि आग लागली का ते लिहा. शाळेतली पोरं हे करू शकतात. ॲमेझॉनमध्ये आणि आफ्रिकेत मिळून तीन लाखांच्या आसपास झाडं अशीच मोजली. दहा वर्षांची अशी वही गावाकडं असेल तर कोणताही पाहुणा टॅब दाखवून फसवू शकणार नाही.

आमची ग्रामसभा परत बसणार आहे. पाहुण्याला निरोप गेलाय. या वेळी पहिला प्रश्न कोणता हे ठरलंय, आणि तो आजीनंच विचारायचा असंही ठरलंय.